सव्वादोन बोटांचा पीळ

भाऊजी,

आधी माझा राग ऐकून घ्या, मग बाकीचं. तुम्ही गेल्यापासून घरात येणारा प्रत्येक माणूस दारात जोडे काढता काढताच म्हणतो, "विमानाच्या नादापायी गेला हो बिचारा." मी पाण्याचा तांब्या पुढे करते आणि मनात म्हणते, आधी घोटभर पाणी प्या, मग खोटं बोला. तुम्ही विषमज्वरानं गेलात. ज्यांनी उभ्या जन्मात संक्रांतीला पतंगसुद्धा उडवला नाही त्यांनाही विषमज्वर होतो. पलीकडच्या आळीतला किराणावाला त्यानंच गेला, आणि तो तर वरच्या फळीवरचा डबा काढायलाही शिडीवर चढत नसे. तुमच्या तापाला मात्र लोकांनी पंख लावले.

बरं, तुमच्यावरचा राग काही कमी नाही. विमानाचा हा सांगाडा उभा राहायला लागल्यापासून मी रोज दिवा लावताना देवाला सांगत होते की याला वरून पाडू नकोस. देवानं माझं अगदी अक्षरशः ऐकलं आणि तुम्हाला अंथरुणावरूनच नेलं. मागणं मागताना सगळी कलमं घालून घ्यावीत, एवढं मला ओव्हरसियरची बायको असून सुचलं नाही.

शोकसभेचं तर विचारूच नका. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आम्हा बायकांना मागच्या बाकांवर बसवलं होतं. आपले वकीलसाहेब बोलायला उठले. हेच ते वकीलसाहेब, ज्यांनी तुमचा लाकडी सांगाडा पाहिला आणि गावभर तुम्हाला 'पिंजरेवाले मास्तर' करून टाकलं. भर रस्त्यात टांगा थांबवून विचारायचे, "काय मास्तर, पोपट कधी आणताय?" त्या दिवशी मात्र त्यांनी तुम्हाला 'गोदातीरीचा गरुड' म्हटलं, आवाज कापरा केला, उपरण्यानं डोळे टिपले. शेजारची बाई मला म्हणाली, "किती छान बोलतात, नाही?" मी म्हटलं, "हो ना. जिवंतपणी पोपट आणि मेल्यावर गरुड. मधला एखादा पक्षी यांना सापडलाच नाही." जरा मोठ्यानं म्हटलं असावं, कारण पुढच्या दोन बाकांनी वळून पाहिलं.

त्यांना काय ठाऊक असणार म्हणा. मला तरी कुठं ठाऊक होतं? तुम्ही पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सांगितलंत, "वहिनी, मी विमान करतोय. पण त्याला इंजिन नाही." मी म्हटलं, "मग ते विमान कसलं? बैल नसलेली गाडी." तुम्ही म्हणालात, "टेकडीवरून सोडायचं. वाऱ्यावर तरंगत खाली येतं. ग्लायडर म्हणतात." मी म्हटलं, "खाली यायचंच आहे तर चालत या." त्यावर तुम्ही इतके हसलात की मला वाटलं, आपलं म्हणणं पटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही टांगे बांधणाऱ्या उस्मानभाईंच्या शेडमध्ये अर्धी जागा भाड्यानं घेतलीत.

माझ्या दसऱ्याच्या चक्क्याचं काय झालं ते तर मी मेल्यावरही विसरणार नाही. फडक्यात बांधून खुंटीला टांगलेला माझा चक्का तुम्ही काढून नेलात, धुतलात, त्यात चुना घोटलात आणि पंखाच्या फासळ्या चिकटवल्यात. म्हणे असा गोंद पाण्यानंही सुटत नाही. पंगत बसली. तुमच्या दादांनी विचारलं, "श्रीखंड कुठाय?" मी म्हटलं, "पंखात." सणाचा सबंध दिवस हा माणूस माझ्याशी बोलला नाही, आणि माझा काडीचा दोष नव्हता. तुम्ही मात्र पुरीबरोबर लोणचं खात समोर बसला होतात, चेहरा असा की जणू तुमचाही चक्का कुणी पळवलाय.

मग पंखावर कापड चढवायची वेळ आली तेव्हा वहिनीची आठवण झाली. शिवायला. मी चोळ्या आणि उशांचे अभ्रे शिवणारी बाई. त्या लांबलचक पंखाचा अभ्रा शिवताना मशीन ओसरीवर आणि कापड अंगणापार, मधून ये-जा करणाऱ्यांनी पाय उचलून जायचं. आणि तुमचं मागून चालूच, "वहिनी, टाका जरा बारीक. वहिनी, इथं हवा शिरेल." शेवटी मी म्हटलं, "भाऊजी, लग्न करा, म्हणजे ही कटकट ऐकायला हक्काचं माणूस मिळेल." तुम्ही म्हणालात, "आधी हे उडू द्या." आता लग्न राहिलंच.

पंखाच्या टोकाला मागच्या कडेला ज्या दोन फळ्या बिजागरीवर वरखाली हलत, त्यांना मी कान म्हणायचे. तुम्हाला ते आवडायचं नाही. "वहिनी, एलेरॉन म्हणतात त्याला." मी म्हटलं, "कान म्हटल्यानं काय बिघडतं? तुम्हीच सांगता ना, एक वर झाला, दुसरा खाली झाला की सगळं विमान त्या बाजूला कलतं. म्हणजे कान धरला की वळतं. पोरासारखंच झालं." त्यानंतर तुम्हीही कानच म्हणू लागलात. माझ्यापुढे तरी.

आता मुद्द्याकडे येते. नाहीतर तुमचे दादा म्हणतील, "मुद्दा काय तुझा?" गोष्ट सांगण्याच्या बाबतीत माझी घरातली पत तुम्हाला माहीतच आहे. नांदगावच्या आत्याबाईंच्या म्हशीची गोष्ट मी आजवर चार प्रकारे सांगितली आणि दर वेळी म्हैस वेगळ्या विहिरीत पडली. ती म्हैस पुढे मला फार महागात पडली.

मुद्दा असा, की तुम्ही दोघं भाऊ एका आईचे असून एकमेकांशी बोलत नव्हतात. भांडण नव्हतं हो. नुसतं बोलणं नव्हतं. जे काय ते माझ्यामार्फत. "त्याला सांग, जेवायला थांबलोय." "दादाला सांगा, मला उशीर होईल." एकाच खोलीत बसून. मी मधलं पोस्ट. आणि एकमेकांसमोर तोंड उघडलंत की वाद एकच, सरळ आणि वाकडं. तुमचे दादा म्हणजे ओव्हरसियर. भिंत ओळंब्यात नसेल तर गवंड्याला ती पाडायला लावणारा माणूस. भिंतीवरची तसबीर जरा कलली असेल तर यांना घास गिळत नाही. दुसऱ्याच्या घरी गेलो तरी आधी उठून तसबीर सरळ करतात, मग 'कसं काय' विचारतात. आणि तुम्ही केलात काय, तर पीळ असलेला पंख.

मागून पाहिलं की स्पष्ट दिसायचं. मुळापाशी पंख सपाट आणि टोकाकडे जाता जाता पुढची कड किंचित खाली झुकलेली, मागची वर उचललेली. तुमच्या दादांनी शेडमध्ये पाऊल ठेवलं, लाइनदोरी ताणली, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "वाकडं आहे." तुम्ही म्हणालात, "हो." बस. एवढंच! 'हो' म्हणजे काय? 'हो, आणि का ते ऐक' असं पुढचं वाक्य तुमच्या तोंडात होतं की नव्हतं? त्यानंतर रोज संध्याकाळी कामावरून येताना हे शेडमध्ये जाणार, दोरी धरणार, "अजून वाकडंच आहे" म्हणणार. तुम्ही पेच फिरवत "हो" म्हणणार. आणि घरी येऊन दोघं वेगवेगळ्या वेळी जेवणार. वाढायला मी दोनदा.

ते पुढचं वाक्य तुम्ही मला सांगितलंत. मला! मी तांदूळ पाखडत होते, तुम्ही माझ्या हातातलं सूप घेतलंत आणि गच्चीवर वाऱ्यात जाऊन उभे राहिलात. मी मागोमाग, कारण सूप माझं होतं. "हे बघा वहिनी, आडवं धरलं की वारा उचलतो. पुढची कड वर केली की जास्त उचलतो. अजून वर केली की..." आणि सूप फडफडून खाली बसलं. "वाऱ्यानं सोडलं. पंखाचंही असंच होतं. वेग मंदावला, नाक वर झालं की पंख वाऱ्यातून सुटतो. सगळा एकदम सुटला तर संपलं. टोक आधी सुटलं तर त्याहून वाईट, कारण कान टोकाला आहेत. मग कान कितीही पिळा, ऐकत नाही, एक बाजू दगडासारखी खाली. म्हणून टोकाला जरा मान खाली घालायला लावलीय. मूळ आधी सुटेल, विमान डुलून सांगेल, पण टोक जागं राहील. टोक जागं आहे तोवर कान आपले."

मी म्हटलं, "हे तुमच्या दादांना सांगा की."

तुम्ही सूप परत दिलंत. "त्याला काय कळणार? त्याला सरळ आणि वाकडं, दोनच शब्द येतात."

हे वाक्य मी तुम्हाला माफ केलेलं नाही, भाऊजी. आजही नाही.

मग ताप आला. आधी साधाच वाटला, मग डॉक्टर मान हलवू लागले. मुंबईच्या उडण्याच्या क्लबातल्या लोकांनी ग्लायडर पाहायला यायचं कळवलं होतं, तो दिवस जवळ येत होता आणि तुम्हाला शुद्ध नव्हती. तुमचे दादा दिवसभर बाजूला बसून कपाळावरच्या पट्ट्या बदलायचे. शुद्धीत असताना एक शब्द न बोलणारा माणूस, तुम्ही बेशुद्ध झाल्यावर तुमच्याशी सारखा बोलत होता. पुलाच्या कामाचं, सिमेंटच्या गोण्यांचं, आईच्या हातच्या शेवयांचं. मी दाराआडून ऐकायचे. एका दुपारी ते तासभर कुठंसं जाऊन आले. मी विचारलं नाही. वाटलं, काळारामाला जाऊन आले असतील.

ते शेडमध्ये गेले होते.

हे मला कळलं तेराव्याला. पानं उठली, मंडळी पांगली आणि तुमचे दादा माजघरात भिंतीला टेकून बसले. तोवर त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. गंगेवर पिंडाला कावळा शिवत नव्हता तेव्हाही नाही. मला म्हणाले, "एक गोष्ट तरी हातून नीट झाली त्याची. पंख सरळ करून ठेवले मी." मी म्हटलं, "काय केलं?" म्हणाले, "पंखाच्या मागच्या टेकूच्या काठीला पेच असतो. फिरवला की कड खाली येते. दोन्ही पंख दोरीत आणले. मुंबईची माणसं येणार, वाकडं पाहून हसली असती गं त्याला. बरा होऊन उठला असता तर पाहिलं असतं त्यानं." आणि मग लहान पोरासारखे रडले.

मी काय बोलणार? सांगा ना, काय बोलणार होते? तुम्हाला तिकडे बसून सुचत असेल तर कळवा. त्या माणसाला दुःखात हातात धरून ठेवायला एवढी एकच गोष्ट होती, आणि ती मी काढून घेऊ? विमान शेडमध्येच तर आहे, मी मनात म्हटलं. राहू दे सरळ. पिंजऱ्यात पोपट सरळ काय आणि वाकडा काय.

पण गरुडाचे भक्त गप्प बसतील तर ना! तेराव्यानंतर तिसऱ्याच दिवशी वकीलसाहेब आले, सोबत केकी. तुमचा देवळालीचा केकी, क्लबात उडणारा, गोरापान, पोरगेलासा, अजून मिशी नीट फुटायची होती. तुम्हीच त्याला एकदा घरी आणून पिठलं खायला घातलं होतंत आणि त्यानं तीनदा मागून घेतलं होतं. वकीलसाहेब म्हणाले, "मास्तरांचं विमान मास्तरांच्या स्मृतीत उडालंच पाहिजे. येत्या रविवारी, घोटीकडच्या माळावर. केकीशेठ उडवतील. मी स्वतः नारळ वाढवणार." तुमच्या दादांचा चेहरा तेव्हा उजळला, भाऊजी. पहिल्यांदाच. म्हणाले, "पंख अगदी सरळ आहेत. मी पाहिलेत."

केकी म्हणाला, "मास्तरनी केला ते बरोबरच असेल ने."

त्या पोराची मान आणि तुमच्या दादांचा तो उजळलेला चेहरा, दोन्ही एकाच तराजूत कशी घालायची? मी प्रयत्न केला नाही असं समजू नका. दोनदा विषय काढला. "भाऊजी मला म्हणाले होते, गच्चीवर, सूप घेऊन..." हे म्हणाले, "आत्ता गोष्टी नकोत गं. मला सोसत नाही." तिसऱ्यांदा मी सरळच सांगितलं की पीळ मुद्दाम होता. हे मायेनं म्हणाले, "तुला तसं वाटतंय. तू त्याची बाजू घेणारच." नांदगावची म्हैस, भाऊजी. चार विहिरींत पडलेल्या म्हशीच्या बाईवर कोण विश्वास ठेवणार?

मी उस्मानभाईंना गाठलं. ते म्हणाले, "भाभी, लकडीचं विचारा, मी सांगतो. पेच मास्टर स्वतः फिरवायचे, रोज कधी इकडे कधी तिकडे. मला वाटायचं, त्यांनाच ठरत नाही. आता मैयतच्या मागून मी कसं बोलू, की काय होतं नि काय नव्हतं?" खरं बोलणारा माणूस. अशा वेळी खरं बोलणारी माणसं फार गैरसोयीची असतात.

रविवारी लॉरीतून सुटे पंख गेले, मागून आम्ही. टेकडीवर ही गर्दी! आसपासच्या खेड्यांतली माणसं, बायका, पोरं, एक भेळवाला. तालमीतले आठ गडी रबरी दोर ताणून विमान बेचकीतल्या खड्यासारखं सोडायला आणले होते, दंड थोपटत उभे. कुस्तीचा फड असावा तसं. एक म्हातारी मला म्हणाली, "बाई, ह्ये लय मोठं पाखरू हाय. अंडं बी घालतंय का?" मला हसू आलं, आणि लगेच रडू. तुम्ही हवे होतात.

वकीलसाहेबांनी नारळ वाढवला, भाषण केलं. त्यात गरुड दोनदा आला. केकी आत बसला, पट्टा आवळला, दांडा डावी-उजवीकडे करून पाहिला. टोकाचे कान वरखाली झाले. माझ्या हातचा टाका उन्हात दिसत होता. गड्यांनी दोर हातात घेतला.

आणि मी जाऊन पंखाच्या टोकाला धरलं.

काय करत होते मला कळत नव्हतं. पदर सुटलेला, चपला मागेच राहिलेल्या. एवढ्या पुरुषांसमोर मी उभ्या जन्मात कधी बोलले नव्हते, आणि पहिलाच शब्द किंचाळून आला. "थांबा!"

वकीलसाहेब हात जोडत पुढे आले. "वहिनीसाहेब, दुःख आम्ही समजू शकतो. या, बाजूला या. बायकांच्यात बसा."

"दुःख तुम्ही समजू नका," मी म्हटलं, "पंख समजा. हा पंख मास्तरांचा नाही. त्यांनी टोकाला पीळ दिला होता, तो काढलाय. असा उडवलात तर टोक आधी सुटेल आणि हा पोरगा एका कुशीवर खाली येईल."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मास्तरांनी. सूप घेऊन."

गड्यांत कुणीतरी फिसकन हसलं. वकीलसाहेबही हसले, समजूतदारपणे. ते समजूतदार हसू मला अजून आठवतं आणि अजून हात शिवशिवतात. तुमच्या दादांनी येऊन माझं कोपर धरलं. हळूच म्हणाले, "अगं, गोष्टी नकोत म्हटलं ना. लोक बघताहेत."

"गोष्ट नाही ही! पेच कुणी फिरवला ते सांगा ना यांना."

त्यांनी माझं कोपर सोडलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी फिरवला. वाकडं होतं. सरळ केलं. सरळ करणं हा गुन्हा आहे का?" शेवटचं वाक्य ते मला म्हणत नव्हते, भाऊजी. ते तुम्हालाच म्हणत होते, तुमचा तो रोजचा 'हो' ऐकायला.

केकीनं पट्टा सोडला. खाली उतरला, मागे गेला, एक डोळा मिटून पंखावरून पाहिलं. आता कुणी हसत नव्हतं. "सरळ आहे," तो म्हणाला. "आमचा क्लबचा जुना ग्लायडर पण सरळ आहे. उडते. पण स्लो झाला की एक साइड पडते. दोघांचा पाय मोडला." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, मास्तर मला बोलला होता, टोकाचा काहीतरी केलाय, रविवारी दाखवते. मग तो बीमार पडला. किती होता पीळ?"

किती? मला काय माहीत किती! जरा मान खाली, एवढंच तुम्ही म्हणाला होतात. 'जरा'वर केकीला बसवायचं? मला असा संताप आला तुमचा, की सगळं जग सांगितलंत, सूप उडवलंत, आणि नेमकं तेवढंच सांगितलं नाहीत. उस्मानभाईंनी मान हलवली. केकी म्हणाला, "मग आज नाय. अंदाजानं नाय करायचा. सॉरी शेठ, पंख परत शेडमध्ये." वकीलसाहेब घड्याळ पाहू लागले.

तेव्हा तुमचे दादा म्हणाले, "सव्वादोन बोटं."

सगळ्यांनी वळून पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते. "टोकाला मागची कड दोरीपासून सव्वादोन बोटं वर होती. दोन्हीकडे सारखी, गव्हाएवढाही फरक नव्हता. रोज मोजायचो मी, त्यानं पेच कितीही फिरवला तरी संध्याकाळी माप तेच. रोज त्याला सांगायचो." मग म्हणाले, "वाकडं असतं ना, तर दोन्हीकडे सारखं नसतं. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. इतकं सारखं वाकडं चुकून होत नाही."

मी पंखाचं टोक सोडलं. मला वाटतं तोवर मी ते धरूनच उभी होते.

खिशातून लाइनदोरी निघाली. ती त्यांच्या खिशात असतेच, लग्नातही होती. उस्मानभाईंनी काठी धरली, केकीनं मूळ धरलं आणि तुमचे दादा गुडघ्यावर बसून पेच उलटा फिरवू लागले. ज्या माणसानं आयुष्यभर जग सरळ केलं तो चारचौघांत भर उन्हात बसून एक गोष्ट मापानं वाकडी करत होता. दर फेऱ्याला दोरी, दर फेऱ्याला बोटं. एकदा जास्त झालं तर केसभर परत घेतलं. त्या म्हातारीनं विचारलं, "काय करतंय त्यो?" मी म्हटलं, "भावाचं ऐकतोय."

उडालं, भाऊजी. उगीच ताणत नाही. गड्यांनी ओढलं, सोडलं आणि ते उठलं. माळावरून, बांधावरून, एका बाभळीवरून गेलं. मध्येच केकीनं नाक वर काढलं. नंतर म्हणाला, मुद्दाम काढलं. ते डुललं, मान हलवली 'नाही नाही' केल्यासारखी, पण कूस बदलली नाही. कान ऐकत होते. मग भाताच्या खाचरांपलीकडे जाऊन टेकलं. गर्दी धावली. वकीलसाहेब कुणालातरी सांगत होते, "मी पहिल्यापासूनच म्हणत होतो, त्यात काहीतरी आहे." मी चपला शोधायला गेले. बोलायचं म्हणजे किती बोलायचं?

तुमचे दादा धावले नाहीत. जागच्या जागी दोरी गुंडाळत उभे राहिले.

संध्याकाळी पानावर बसले. मी भात वाढला, वरण घातलं. हात लावेनात. मग म्हणाले, "आता सांग. पीळ कशाला? पहिल्यापासून सांग. लांबली तरी चालेल."

इतक्या वर्षांच्या संसारात मला हे कुणी म्हटलं नव्हतं. मी सूप आणलं आणि सगळं सांगितलं. वारा, मूळ, टोक, कान. एका शब्दाची भर घातली नाही, तुमची शपथ. ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा बदलत होता. मग त्यांनी विचारलं, "मग टोक कमी उचलणार. तेवढं वजन मुळाकडे सरकणार. टेकूची जागा त्यानं त्या हिशेबानं आत घेतली होती का?"

मला माहीत नव्हतं.

"आणि वेगात असताना? तेव्हा हा पीळ उलटा ओढणार की. ते त्यानं किती धरलं होतं?"

मला माहीत नव्हतं.

"कापड ओलं झालं की ताण बदलणार. मग सव्वादोनाचे दोन होतील. पावसाळ्यात काय करणार होता तो?"

मला माहीत नव्हतं, भाऊजी. एकाही प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं. प्रश्न मात्र येत राहिले. त्यांच्या आवाजात असा उत्साह मी पूल बांधून झाला तेव्हाही ऐकला नव्हता. भाताचा घास हातात तसाच, आणि माणूस विचारतोय, अडतोय, स्वतःच खोडतोय, पुन्हा विचारतोय. आणि मध्येच, काहीतरी अगदी नेमकं सुचलं तेव्हा, मान वळवून तुमच्या रिकाम्या पाटाकडे पाहत म्हणाले, "अरे पण मग..."

त्याला काय कळणार, असं म्हणाला होतात ना तुम्ही?